पोट लहान झाले, पण तलफेचे काय?

प्रतिनिधी

वजन कमी करण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नवलाईची राहिलेली नाही. दुर्बिणीद्वारे होणारी शस्त्रक्रिया, रुग्णालयातील दोन-तीन दिवसांचा मुक्काम आणि त्यानंतर महिन्यागणिक खाली सरकणारा वजनकाटा, याचे एखादे तरी उदाहरण बहुतेकांच्या नात्यात वा ओळखीत सापडते. मात्र या शस्त्रक्रियेची खरी कसोटी लागते ती वर्ष-दीड वर्षानंतर. तोवर वजन उतरण्याचा वेग मंदावलेला असतो, नवे कपडे शिवून झालेले असतात, भेटणाऱ्यांचे कौतुकही ओसरलेले असते. अशातच संध्याकाळच्या चहाबरोबर हात पुन्हा फरसाणाच्या डब्याकडे जाऊ लागतो. पोटात भूक नसते, तरी तोंड चाळवते.

ही तलफ आणि नकळत होणारे हे खाणे कोठून येते, त्याने काय बिघडते आणि त्याला आवर कसा घालावा, याची माहिती शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला जशी हवी, तशीच तिच्या घरच्यांनाही हवी. कारण फरसाणाचा डबा सगळ्या घराचा असतो.

शस्त्रक्रियेने काय साधते?

स्थूलतेवरील शस्त्रक्रियांमध्ये आज सर्वाधिक केली जाते ती ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. तिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे उरते. दुसरा प्रमुख प्रकार ‘गॅस्ट्रिक बायपास’चा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडली जाते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात बायपासचा पाया घातला. १९९० च्या दशकात दुर्बिणीचे तंत्र आल्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर रुजली.

जठरात जागाच कमी उरल्याने माणूस कमी खातो, हे उघड आहे. पण तेवढ्यानेच वजन उतरत नाही. १९९९ मध्ये जपानमधील मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ‘घ्रेलिन’ या संप्रेरकाचा शोध लावला. जठर रिकामे झाले की हे संप्रेरक रक्तात वाढते आणि मेंदूला भुकेचा निरोप देते. जेवण झाले की ते उतरते. त्याचा मोठा वाटा जठराच्या वरच्या फुगीर भागातून येतो. ‘स्लीव्ह’मध्ये नेमका हाच भाग काढला जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचते. त्यामुळे ‘जीएलपी-१’ आणि ‘पीवायवाय’ ही तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके जेवणानंतर अधिक प्रमाणात स्रवतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने ‘भूकच लागत नाही’ असे रुग्ण सांगतात, त्यामागे ही कारणे असतात. अनेकांना या काळात गोडाचीही ओढ वाटेनाशी होते.

भूक, तलफ आणि सवय

येथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. आपण तिन्हींना सरसकट ‘भूक’ म्हणतो आणि तेथेच गल्लत होते.

खरी भूक हळूहळू वाढते. तिचे ठिकाण पोटात असते, शेवटच्या जेवणाला काही तास उलटलेले असतात आणि ती कोणत्याही अन्नाने भागते. खरी भूक लागलेल्याला कालची भाकरीही गोड लागते.

तलफ एकाएकी येते आणि ती विशिष्ट पदार्थाचीच असते. पाऊस पडू लागला की भजी, दुपारी कार्यालयात चहा आला की बिस्कीट, साहेबांशी वाद झाला की चॉकलेट. त्या जागी वाटीभर वरण पुढे केले तर नको वाटते. ही तलफ वास, दृश्य, वेळ, ठिकाण किंवा मनाची अवस्था यांच्याशी बांधलेली असते. जठर लहान केल्याने या गाठी सुटत नाहीत.

सवय ही तिसरी गोष्ट. तिच्यात भूकही नसते आणि ओढही नसते. दूरचित्रवाणीसमोर बसले की हात वाटीकडे जातो. भाजी फोडणीला टाकताना शेंगदाण्याची चिमूट तोंडात जाते. मुलाच्या ताटात उरलेला पोळीचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून आई संपवते. कोणी विचारले तर ‘मी काही खाल्ले नाही’ असेच उत्तर येते आणि ते उत्तर देणारा खोटेही बोलत नसतो. आपण खाल्ले, याची त्याला नोंदच नसते.

शस्त्रक्रिया पहिलीवर थेट काम करते. दुसरीवर तिचा परिणाम होतो, पण तो पुष्कळदा काळाबरोबर फिका पडतो. तिसरीला मात्र ती जवळजवळ हात लावत नाही.

पहिल्या वर्षाचे मोल

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ हा अभ्यास या विषयातील सर्वांत दीर्घकालीन अभ्यासांपैकी एक होय. त्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. याचा अर्थ दुहेरी आहे. उतरलेल्या वजनाचा मोठा भाग दहा वर्षांनीही टिकतो आणि औषधे व पथ्य यांच्या बळावर असे यश क्वचितच मिळते. याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाणही कमी आढळले. मात्र थोडे वजन परत येणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. ते किती परत येते, हे व्यक्तीव्यक्तीनुसार फार बदलते. त्यात शरीरप्रकृती, शस्त्रक्रियेचा प्रकार, इतर औषधे यांचा वाटा असतो, तसाच खाण्याच्या पद्धतीचाही असतो.

अमेरिकेत बायपास झालेल्या रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. खाण्यावरचा ताबा सुटल्याची भावना शस्त्रक्रियेआधी होती की नाही, यावरून पुढील यशाचा अंदाज बांधता आला नाही. शस्त्रक्रियेनंतर ती भावना ज्यांना येऊ लागली, त्यांचे वजन मात्र कमी उतरले. पूर्वी अनावर खाणाऱ्या व्यक्तीसाठी हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. जुन्या सवयींमुळे तिचे भवितव्य ठरून गेलेले नसते. त्याच वेळी नंतरच्या सवयींकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, असेही तो सांगतो.

म्हणूनच भूक शांत असलेल्या पहिल्या वर्षाचे मोल मोठे आहे. या काळात पथ्य सोपे वाटते, कारण शरीरच साथ देत असते. जेवणाच्या वेळा, ताटाचे माप, सावकाश चावण्याची शिस्त हे सारे तेव्हाच अंगवळणी पाडून घ्यावे. पुढे भूक परतते तेव्हा नवी शिस्त शिकणे अवघड जाते; जुनी झालेली शिस्त पाळणे त्यामानाने सोपे असते.

येता-जाता तोंडात टाकण्याचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतर एका बैठकीत भरपेट जेवणे शक्यच नसते. तीन पोळ्या, भात, आमटी असे ताट संपवण्याचा प्रयत्न केला तर छातीखाली दुखू लागते, उलटी होते. त्यामुळे पूर्वीचे भरपेट खाणे पुष्कळदा नवे रूप घेते. थोडे-थोडे, पण दिवसभर. बोलीभाषेत आपण याला ‘चरत राहणे’ म्हणतो. वैद्यकीय साहित्यातही याच अर्थाचा शब्द रूढ आहे. ठरलेल्या जेवणाबाहेर, भुकेशी संबंध नसताना, थोड्या थोड्या प्रमाणात पुन्हा पुन्हा खाणे, अशी त्याची व्याख्या केली जाते.

लहान जठर हे खाणे अडवू शकत नाही. भाकरी, उसळ, अंडे, मासे हे पदार्थ जठरात काही काळ थांबतात आणि पोट भरल्याची जाणीव देतात. चिवडा, शेव, वेफर्स, चहात बुडवलेले बिस्कीट, आइस्क्रीम, आमरस हे पदार्थ चटकन मऊ किंवा पातळ होतात आणि पुढे सरकतात. जठर पुन्हा रिकामे. त्यामुळे अर्धी भाकरी खाताना पोट ‘पुरे’ म्हणते; तेच पोट तासाभरात वाटीभर फरसाण विनातक्रार घेते.

आता हिशेब पाहू. मूठभर फरसाण, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, दीडशेहून अधिक कॅलरी देते. दिवसातून तीन वेळा मूठ भरली तर साडेचारशेच्या पुढे. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप चहा, म्हणजे दहा चमचे; एका चमच्यात पाच ग्रॅम धरली तर ५० ग्रॅम साखर, अर्थात २०० कॅलरी. दोन्ही मिळून साडेसहाशे कॅलरी झाल्या आणि अजून जेवण व्हायचेच आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत अनेकांचा दिवसभराचा आहार हजार कॅलरींच्या आत असतो, हे लक्षात घेतले तर ‘मी तर काहीच खात नाही, तरी वजन वाढते’ या तक्रारीचे उत्तर बहुधा येथे सापडते.

यात नुकसान दुहेरी आहे. लहान पोटात फरसाणाने जागा घेतली, की प्रथिनांना जागा उरत नाही. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे साधारणतः सांगितले जाते. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमधून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. यावरून हे उद्दिष्ट गाठायला किती नियोजन लागते, याची कल्पना यावी. प्रथिने कमी पडली तर केस गळतात, स्नायू झिजतात, थकवा येतो. वजन वाढत असतानाही शरीर उपाशी राहू शकते.

गोडाचा फटका

विशेषतः बायपासनंतर साखरेचे पदार्थ एकदम खाल्ले, की ते वेगाने लहान आतड्यात उतरतात. दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, मळमळ, धडधड, घाम, जुलाब असा त्रास होऊ शकतो. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. याचाच दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी जाणवतो. साखर झपाट्याने रक्तात शिरल्याने इन्सुलिन जास्त स्रवते आणि रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली येते. हात कापतात, घाम फुटतो, चक्कर येते आणि पुन्हा गोड खावेसे वाटते. गोड खाल्ले की बरे वाटते. दोन तासांनी पुन्हा तेच. हे चक्र रुग्णाला ‘माझ्या मनावर ताबाच नाही’ असे वाटायला लावते. वास्तविक हा शरीराचा प्रकार असतो. असे वारंवार होत असेल तर आहारतज्ज्ञाला आणि शल्यचिकित्सकाला सांगावे. बहुतेकदा जेवणातील साखर-मैदा कमी करून व प्रथिने वाढवून फरक पडतो.

प्रत्येक तलफ मनाची नसते, याचे आणखी एक उदाहरण म्हणजे बर्फ, कच्चे तांदूळ, माती किंवा खडू खावासा वाटणे. शस्त्रक्रियेनंतर लोहाचे शोषण कमी होते आणि लोहाच्या कमतरतेत अशी विचित्र ओढ निर्माण होऊ शकते. संकोचापोटी ही गोष्ट घरातही लपवली जाते. तसे न करता रक्ततपासणी करून घ्यावी. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण दोन्हींमुळे लोहाचे शोषण घटते. दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

जेवल्याची आठवण

माणूस जेवायला केव्हा बसतो आणि केव्हा उठतो, हे केवळ पोट ठरवत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. या रुग्णांना काही मिनिटांपूर्वीचेही आठवत नसे. त्यांचे जेवण आटोपल्यावर दहा ते तीस मिनिटांत पुन्हा ताट पुढे ठेवले, तर ते पुन्हा जेवले. तिसऱ्यांदा ताट आले तेव्हाही बहुतेक वेळा त्यांनी खायला सुरुवात केली. पोट भरलेले होते. जेवल्याची आठवण नव्हती.

स्मृती शाबूत असलेली माणसेही पडद्याकडे पाहत जेवतात तेव्हा थोड्याफार प्रमाणात हेच करतात. लक्ष दुसरीकडे असताना खाल्लेले नीट आठवत नाही आणि नंतरच्या वेळी अधिक खाल्ले जाते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यामुळे ‘जेवताना टीव्ही-मोबाइल बंद’ या घरोघरच्या जुन्या सूचनेला शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत औषधाइतके महत्त्व आहे.

दिवसाची मांडणी

नकळत होणारे खाणे केवळ निश्चयाने थांबत नाही, कारण ते होते तेव्हा निश्चय जागा नसतो. त्यासाठी दिवसाची आणि घराची मांडणीच बदलावी लागते. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याला जोडून पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

• खाण्याच्या वेळा ठरवाव्यात. तीन लहान जेवणे आणि सल्ल्यानुसार एक किंवा दोन वेळचे ठरवून दिलेले खाणे. जेवण टाळू नये. दुपारचे जेवण चुकले, की संध्याकाळी खा-खा सुटते.

• बसूनच खावे, आणि ताटलीत वाढून घेऊनच खावे. डब्यातून, पुडीतून किंवा कढईतून थेट काही तोंडात टाकायचे नाही, हा एकच नियम पाळला तरी बरेचसे बेसावध खाणे बंद होते.

• प्रथम प्रथिने, मग भाजी, शेवटी पोळी-भात. अंडे, मासे, चिकन, पनीर, घट्ट वरण, मोडाची उसळ यांपैकी काही तरी आधी संपवावे.

• घास लहान घ्यावा, नीट चावावा आणि वीस-पंचवीस मिनिटांत जेवण संपवावे. तृप्तीचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्याचबरोबर तासभर ताट घेऊन बसणे हेही चरत राहण्याचेच रूप आहे.

• जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये, असे बहुतेक ठिकाणी सांगतात. मात्र दिवसभरात घोट-घोट करून सुमारे दीड लिटर द्रव पोटात गेला पाहिजे. पुष्कळदा तहानच भुकेचे सोंग घेऊन येते.

• साखरेची सरबते, फळांचे रस, थंड पेये टाळावीत. ती पोटात थांबत नाहीत आणि त्यांच्या कॅलरी मोजल्याही जात नाहीत.

• वही ठेवावी. काय खाल्ले, किती वाजता, कोठे, भूक होती का, मन कसे होते, एवढे पाच रकाने पुरेत. आठवडाभरात आपली धोक्याची वेळ कोणती, हे डोळ्यांसमोर येते. बहुतेकांची ती दुपारी चार ते सहा किंवा रात्री जेवणानंतर असते.

• डबा नजरेआड ठेवावा. ओट्यावरचा फरसाणाचा डबा वरच्या फडताळात गेला आणि त्याजागी चणे-फुटाणे किंवा ताकाचा तांब्या आला, तर भांडणाविना काम होते. चणे-फुटाणे मात्र घट्ट अन्न सुरू झाल्यानंतरच, नीट चावून आणि मोजून खावेत.

तलफ आली तर काय करावे?

तलफ दडपण्याचा प्रयत्न केला, की ती डोके वर काढते, असा अनेकांचा अनुभव असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मारलॅट यांनी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात एक पद्धत रुजवली. तलफेला समुद्राच्या लाटेसारखे पाहावे. लाट चढते, शिखर गाठते आणि ओसरते. तिच्याशी झगडू नये, तिच्या मागे वाहत जाऊ नये. ती ओसरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहावे. खाण्याच्या तलफेच्या बाबतीतही ही पद्धत शिकवली जाते.

प्रत्यक्षात ती अशी वापरता येते. तलफ आली, की घड्याळ पाहून पंधरा मिनिटे थांबायचे. ‘खायचे नाही’ असे स्वतःला बजावण्याऐवजी ‘पंधरा मिनिटांनी ठरवू’ असे म्हणायचे. तेवढ्या वेळात जागा बदलायची. स्वयंपाकघरातून बाहेर यायचे, पाण्याचे काही घोट घ्यायचे, जिने उतरून सोसायटीच्या आवारात एक फेरी मारायची, कोणाला तरी फोन करायचा. स्वतःला एक प्रश्न विचारायचा: आता समोर वाटीभर उसळ आली तर मी खाईन का? उत्तर ‘होय’ असेल तर ती भूक आहे, तेव्हा उसळ खावी. उत्तर ‘नाही’ असेल तर ती तलफ आहे. पंधरा मिनिटांनंतरही तो पदार्थ हवाच असेल आणि वैद्यकीय मनाई नसेल, तर ताटलीत थोडासा वाढून, बसून, चव घेत खावा. लपून चार घास कोंबण्यापेक्षा उघडपणे एक घास खाणे केव्हाही बरे.

एखाद्या दिवशी सारे नियम मोडतात. त्यानंतरचा ‘आता बिघडलेच आहे, तर उद्यापासून पाहू’ हा विचार त्या दिवशीच्या जिलेबीपेक्षा जास्त नुकसान करतो. पुढचे जेवण ठरल्या वेळी, ठरल्या मापाने घेतले, की घडी पुन्हा बसते. एक वेळ उपाशी राहून भरपाई करण्याच्या भानगडीत पडू नये.

आग्रह, सण आणि उपवास

मराठी घरांत पाहुणचाराची खूण म्हणजे आग्रह. ‘एक तरी घ्याच’ म्हणत ताटात पडणारी पुरणपोळी नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान, अशी समजूत आहे. त्यातच ताटात काही टाकू नये, ही लहानपणापासूनची शिकवण. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीची या दोहोंमध्ये कोंडी होते. यावर उपाय म्हणजे आधीच सांगून ठेवणे. ‘डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिले आहे, तेवढे आवडीने खाईन’ हे वाक्य सहसा कोणी मोडीत काढत नाही. लहान ताटली मागून घ्यावी आणि स्वतः वाढून घ्यावे. मग टाकण्याचा प्रश्न येत नाही.

दिवाळीच्या फराळाचा धोका एका बैठकीत नसतो. तो पंधरा दिवस उघड्या राहणाऱ्या डब्यांत असतो. कोणता पदार्थ खरोखर आवडतो, तो एक ठरवावा आणि बाकीचे सोडावेत. फराळ जेवणाच्या वेळीच ताटलीत घ्यावा. गणपतीतला प्रसाद प्रसादाइतकाच असावा.

उपवासाबाबत विशेष काळजी हवी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नगण्य. खिचडी, बटाट्याचा कीस, केळ्याचे वेफर्स यांवर काढलेला दिवस शस्त्रक्रिया झालेल्या शरीराला महागात पडतो. निर्जळी उपवास तर करूच नये. परंपरा पाळायचीच असेल तर दही, ताक, पनीर, दूध, राजगिरा यांचा आधार घेऊन आहारतज्ज्ञाशी आधी बोलावे.

घरच्यांची भूमिकाही येथे महत्त्वाची आहे. ‘एवढे पैसे घालवले आणि पुन्हा खायला लागली’ असा टोमणा ऐकलेली व्यक्ती खाणे थांबवत नाही, लपवून खाऊ लागते. आणि लपून खाल्लेले कोणत्याही वहीत उतरत नाही.

तलफ दिशा बदलते तेव्हा

खाण्यातून मिळणारा दिलासा बंद झाला, की मन दुसरा आसरा शोधते. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात चढते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांमधील रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षात ७.६ टक्के होते, तर दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्क्यांवर गेलेले आढळले. पहिल्या वर्षात मात्र वाढ दिसली नव्हती. म्हणजे येथेही धोका उशिरा येतो, पाठपुराव्याच्या भेटी विरळ झाल्यावर. पूर्वी न चढणारा एक पेला आता चढतो, हे पार्टीला जाणाऱ्याने आणि त्याच्याबरोबर गाडीत बसणाऱ्याने लक्षात ठेवावे.

मदत केव्हा घ्यावी?

अधूनमधून तोंड चाळवणे स्वाभाविक आहे. मात्र पुढील लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. खायला सुरुवात केली की थांबताच येत नाही. रात्री झोपेतून उठून खावे लागते. लपून खाणे, चावून थुंकणे किंवा मुद्दाम उलटी करणे सुरू झाले आहे. वजन सलग काही महिने वाढत आहे. मन सतत उदास असते. रात्री खाण्याच्या विकाराचे वर्णन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच केले होते. आवरता न येणाऱ्या खाण्याच्या विकाराला २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान आहे. हे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत यात उपयोगी ठरते. कॅनडात ती फोनवरूनही देऊन पाहण्यात आली, तेव्हा भावनेच्या भरात होणारे खाणे कमी झाले. मात्र लगेच वजनात फरक दिसला नाही. याचा अर्थ समुपदेशनाचे फळ आधी ताटात दिसते, काट्यावर उशिरा.

उलट्या थांबत नसतील तर मात्र तो मानसिक प्रश्न समजून घरी बसू नये. त्यातून थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होऊन मज्जासंस्थेला इजा पोचू शकते. तातडीने रुग्णालय गाठावे.

वजन परत वाढू लागले तर औषधांचाही पर्याय आता उपलब्ध आहे. भूक कमी करणारी ‘माउंजारो’ आणि ‘वेगोव्ही’ ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. याच गटातील ‘लिराग्लुटाइड’ या औषधाचा शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसे न उतरलेल्यांना उपयोग झाल्याचे ब्रिटनमधील एका अभ्यासात २०२३ मध्ये आढळले. मात्र आधीच कमी खाणाऱ्या व्यक्तीला ही औषधे दिली तर प्रथिनांची आणि पाण्याची कमतरता होऊ शकते. त्यामुळे ती शस्त्रक्रियेची माहिती असलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

शस्त्रक्रियेनंतरची तपासणी आयुष्यभर, किमान वर्षातून एकदा, करायची असते. नेमके वजन वाढलेले लोकच ती टाळतात. आता डॉक्टरांना तोंड कसे दाखवायचे, ही त्यामागची भावना. पण वजन पुन्हा वाढणे हा गुन्हा नव्हे. स्थूलता हा पुन्हा डोके वर काढणारा दीर्घकालीन आजार आहे आणि मधुमेहाचा रुग्ण साखर वाढल्यावर जसा डॉक्टरांकडे जातो, तसेच येथेही जायला हवे. दोन-तीन किलो वाढले असताना गेलेल्याचे काम बहुधा आहाराच्या फेरआखणीवर भागते. वीस किलो वाढेपर्यंत थांबलेल्याला पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागू शकतो. त्यामुळे चरत राहण्याची सवय पुन्हा जडू लागली आहे, एवढे जाणवले तरी पुढच्या भेटीची वेळ त्याच आठवड्यात घ्यावी आणि जाताना खाण्याची वही बरोबर न्यावी.